क्लस्टरची मोठी सभा हवी की तीन शाळांचा छोटा गट? (चार जणांची चर्चा, टोपणनावांनी)

पाटीपेन्सिल

बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी शाळांच्या शिक्षकांना महिन्यातून एकदा क्लस्टरला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्राला, बोलावतात. नाव समालोचना सभा, पण समालोचन कमी आणि सूचनाच जास्त. एसएटीएसमधल्या (मुलांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतल्या) नोंदी, दूध, अंडी-केळ्यांचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज. यातल्या निम्म्या गोष्टी एका निरोपात कळवता येतात. ही सभा बंद करून शेजारच्या तीन शाळांचा गट करावा, असं माझं ठाम मत आहे. सहा ते आठ शिक्षक, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास, एकच विषय.

उदाहरण म्हणून दुसरी-तिसरीचं संख्यालेखन घ्या. तिन्ही शाळांनी आदल्या दोन दिवसांत तेच दहा आकडे तोंडी सांगून लिहून घ्यायचे आणि प्रत्येकाने दहा-बारा वह्या आणायच्या. मार्क द्यायचे नाहीत. चुका मुलाप्रमाणे न मोजता प्रकाराप्रमाणे मोजायच्या. ‘पस्तीस’ ऐकून ५३ लिहिणारी किती? ‘एकोणचाळीस’ ऐकून ४९ किंवा ४१ लिहिणारी किती? पहिल्या चुकीचं कारण भाषेत आहे. मराठीत एकक आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र दशक आधी. कन्नडात ‘मूवत्तैदु’ म्हणजे तीस आणि पाच, ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. म्हणून स्थानिक किंमतीचं प्रशिक्षण कन्नडातून झालं, तर ही अडचण तिथे कुणाच्या डोक्यातच येत नाही. प्रशिक्षण देणाऱ्या साधन व्यक्तीचा त्यात दोष नाही, त्यांच्या वर्गात ती चूक होतच नाही.

उपायही एकच ठरवायचा. तीन आठवडे रोज दहा मिनिटं काड्यांचे गठ्ठे हातात देऊन ‘तीन दशक पाच, पस्तीस’ असं म्हणवून घ्यायचं. चौथ्या आठवड्यात तेच दहा आकडे परत, आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवायचे. एका बैठकीत तीन उपाय ठरले, तर कशाने फरक पडला ते शेवटी कळत नाही.

घाटमाथा

कागदावर छान आहे, सर. पण घाटाजवळच्या कणकुंबी-जांबोटीकडे तीन शाळा म्हणजे काय ते बघा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे पाच वर्ग, दोन माणसं. एक जण नली-कलीचे, म्हणजे इयत्ता एकत्र बसवून कृतीतून शिकवायच्या पद्धतीचे, पहिली ते तिसरी एकत्र घेतो, दुसरा चौथी-पाचवी. त्यातला एक ओओडीवर (शाळेबाहेरच्या सरकारी कामावर) गेला की उरलेल्याने पाचही वर्ग सांभाळायचे. जून ते सप्टेंबर पावसात शनिवारी दुपारी गाडीवरून दुसऱ्या गावाला जायचं, हे कोण कुणाला सांगणार? बसने येणाऱ्या बाईंनी काय करायचं?

दुसरं, तो दीड तास कुणाच्या वेळेतला? त्याच परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत आणि तयारीचा वेळ त्यातच आहे. गटाचा वेळ त्यात मोजणार असाल तर बोलू. ‘स्वेच्छेने’ म्हणून सुरू झालेल्या गोष्टी दोन वर्षांत सक्तीच्या होतात.

आणि मुख्य आक्षेप. तिघांनाही जे येत नाही, ते तिघे मिळून कसं येणार? अपूर्णांक शिकवताना सगळेच जण फक्त भाकरीचे तुकडे करत असतील, तर गट तीच भाकरी पुढे सरकवणार. मोठ्या सभेत निदान चाळीस जणांत एखादा जाणकार सापडतो. एकट्या शाळेतल्या शिक्षकाला महिन्यातून तेवढाच एक दिवस आपल्या पेशातली माणसं भेटतात. तो दिवस काढून घेऊ नका.

कोडु-कोडु

दोघांचंही एका बाबतीत चुकतंय. गट फक्त मराठी शाळांचा कशाला? कितीतरी गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात किंवा एकाच रस्त्यावर आहेत. जाणकार लांब शोधायला नको, भिंतीपलीकडे आहे की.

आपल्या मुलांना कन्नड दुसरी भाषा म्हणून शिकावं लागतं. तिथे अडतं कुठे ते कन्नड शिक्षकाइतकं कुणालाच सांगता येणार नाही. कन्नडात ए आणि ओ दोन-दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. ऱ्हस्व ओचा ‘कोडु’ म्हणजे दे, दीर्घ ओचा ‘कोडु’ म्हणजे शिंग. बघा, मराठीत लिहायचं तर दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात. मुलाच्या कानालाही तो फरक नसतो, म्हणून शुद्धलेखन तपासून काही होत नाही. आधी जोडीने ऐकवायचं, मग चित्रावर बोट ठेवायला लावायचं, आणि लिहायला त्यानंतर.

जोडाक्षरांचंही तसंच. ‘पुस्तक’ लिहिताना मराठीत ‘स’ अर्धा आणि ‘त’ पूर्ण. कन्नडात ‘स’ पूर्ण आणि ‘त’ खाली ओत्तक्षर होऊन बसतो. मराठी मूल नेमकं उलट करतं, ‘त’ वर आणि ‘स’ खाली. हे एकदा कळलं की ती चूक आळसाची वाटत नाही.

उलटा धोकाही सांगते. कन्नड नली-कलीत अक्षरांचा पहिला गट र, ग, स, द, अ असा आहे, कारण कन्नड लिपीत त्यांचं वळण जवळचं. देवनागरीत तो क्रम जसाच्या तसा घेतला तर हेतूच जातो. आपल्याकडे वळणाची कुळं वेगळी: ग-म-भ-न, व-ब-क, ट-ठ-ढ. प्रशिक्षणात पद्धत घ्यावी, क्रम आपल्या लिपीचा ठेवावा.

घाटमाथा

बाई, अक्षरांचं पटलं. फक्त एक. मिश्र गटात बोलणं कन्नडातून सुरू झालं की मराठीतले निम्मे गप्प बसतात, नवखे तर हमखास. वह्या टेबलावर असल्या तर भाषेची अडचण थोडी कमी होईल, हे मान्य.

नोंदवही

मी मोठ्या सभेच्या बाजूचा, पण आहे तशी नको. सूचना आदल्या दिवशी लेखी पाठवाव्यात. सभेतला पहिला अर्धा तास फक्त शंकांना, त्यानंतर दीड तास इयत्तेप्रमाणे बसायचं: नली-कलीवाले एकीकडे, चौथी-पाचवीवाले दुसरीकडे. सीआरपींनी (क्लस्टरच्या साधन व्यक्तींनी) फिरत राहावं, भाषण करू नये. त्यांच्यावरच माहिती गोळा करण्याचं एवढं ओझं आहे की वर्गात बसायला त्यांना सवड मिळत नाही, हे खरं दुखणं. डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते दर सत्रात एकदा तरी यावेत. बेळगावला मण्णूरचं डाएट आहे, निपाणीकडच्यांना चिक्कोडीचं.

घरबसल्या अभ्यासक्रमांवर फार भरवसा नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. ते तास दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर व्हिडिओ लावून भरता येतात, प्रमाणपत्रही मिळतं, पण वही उघडली जात नाही.

दोन गोष्टींबद्दल कुणीच बोललं नाही. अतिथी शिक्षक वर्षापुरते येतात, प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव असो-नसो, गटात त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या. काही शाळांत अख्खी पहिली त्यांच्याच हातात असते. आणि एकमेकांचे पाठ बघायची घाई करू नका. पहिले तीन महिने फक्त वह्या. नाहीतर नमुना पाठाची रंगीत तालीम होते, मुलांना उत्तरं आधीच पाठ असतात, आणि बघणारा तपासणी अधिकाऱ्यासारखा शेरे लिहितो.

पाटीपेन्सिल

शेऱ्यांचं अगदी बरोबर. पाठ बघायचाच तर बघणाऱ्याने मागे बसून कागदावर मुलांच्या बसण्याचा नकाशा काढावा आणि कोण बोललं, कुणाला विचारलं तिथे फक्त रेघा ओढाव्यात. शिक्षकाबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. चाळीस मिनिटांनी कागद शिक्षकाच्याच हातात द्यायचा. मागच्या कोपऱ्यात एकही रेघ नसेल तर ते त्यालाच दिसतं. पहिलं बोलणंही त्याचंच. तो कागद वर जाता कामा नये, यावर मी अडून बसेन. वर गेला की दुसऱ्या महिन्यात सगळ्या नकाशांवर सारख्या रेघा दिसतील.

घाटमाथा, पावसाचं आणि दोन शिक्षकांचं तुमचं म्हणणं मी मोजलंच नव्हतं. सभा बंद करा हे मागे घेतो. दुर्गम शाळांचा गट सभेच्या दिवशीच, नोंदवही म्हणतात त्या दीड तासात बसू दे. रस्त्यावरच्या शाळांनी वेगळं भेटावं. जाणकाराबद्दल मात्र मत बदललेलं नाही. मुलं चुकतात कुठे हे आधी वह्यांतून कळलं, तर जाणकाराला नेमकं काय विचारायचं ते कळेल. अपूर्णांकाला भाकरीऐवजी संख्यारेषा घ्या, हे तो दहा मिनिटांत सांगेल.

घाटमाथा

४५ तासांत मोजणार का, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. ते लेखी आल्याशिवाय मी कुणाला शनिवारी थांबा म्हणणार नाही. बाकी सभेच्या दिवशी करून बघायला हरकत नाही. ते दहा आकडे कोणते घ्यायचे तेवढं सांगा.

पाटीपेन्सिल

३५ आणि ५३, पण लागोपाठ नकोत. २९, ३९, ६९ हे ‘एकोण’ कळतं का ते बघायला. ४१, म्हणजे एक्केचाळीस आणि एकोणचाळीस यांचा गोंधळ दिसतो. ९९, कारण इथे एकोण नसून ‘नव्व्याण्णव’ आहे. ७०, शून्य विसरतात का बघायला. ११ सोपा म्हणून सुरुवातीला, घाबरलेलं मूल सावरतं. आणि तिसरीला १०५. ‘एकशे पाच’ ऐकून १००५ लिहिणारी मुलं वेगळी मोजा, त्यांचं कारण निराळं आहे. दुसरीला त्याऐवजी ८७ द्या. प्रत्येक आकडा दोनदाच म्हणायचा, बोटं दाखवायची नाहीत.