खाणावळीच्या लोखंडी तव्याच्या कडांवरचा जुना तेलकट थर कसा काढावा?

नमस्कार. फोंड्याजवळ आमची लहानशी खाणावळ आहे. तिथल्या 12 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी तव्यावर सकाळी ऑम्लेट होतात आणि दुपारी रवा लावलेले बांगडे व इसवणाच्या तुकड्या भाजल्या जातात. मधला भाग, जिथे कालथा सतत फिरतो, तो काळाभोर आणि गुळगुळीत असून तिथे मासळी चिकटत नाही. अडचण कडांची आहे. तिथे करपलेला रवा, मसाला आणि तेल यांचा डांबरासारखा थर बसला आहे. त्याचे काळे कण अलीकडे माशांना लागू लागले आहेत आणि गिऱ्हाइकाच्या ताटात असे काही जावे हे मला सहन होत नाही.

खाण्याच्या सोड्याने फक्त वरचा चिकटपणा गेला. लिंबाने थर हलला नाही, उलट घासलेल्या जागी पावसाळी हवेत सकाळपर्यंत गंज धरला. एका भांडीवाल्यांनी कॉस्टिक सोडा सुचवला, पण तो मधला मुरलेला, म्हणजे तेल तापून तव्यावर पक्का बसलेला गुळगुळीत थरही उतरवील, शिवाय तेल गोळा होण्याची पन्हळ ॲल्युमिनियमची आहे आणि कॉस्टिक तिला खाऊन टाकील. तारेचा ब्रश आम्ही वापरत नाही, कारण तुटलेली तार अन्नात जाऊ शकते. मधला भाग राखून कडा स्वच्छ करण्याचा मार्ग कोणी सांगू शकेल का? नंतर तवा मुरवताना आमचे नेहमीचे खोबरेल तेल चालेल का?

प्रतिसाद : कॉस्टिक वापरू नका, हा तुमचा विचार योग्य आहे. तवा मध्यम तापवून आच बंद करावी, हातमोजे घालून कडेला चमचा-चमचा गरम पाणी सोडावे आणि पाणी उकळत असतानाच रुंद पात्याचा स्क्रॅपर आडवा धरून थर खरवडावा. थंड पाणी एकदम ओतू नये, तवा वाकतो. एका दिवसात सगळे निघणार नाही; आम्हाला म्हापशाच्या गाड्यावर आठवडा लागला. उरलेल्या भागावर थोडे तेल घालून ग्रिल स्टोन (तवा घासायचा खरखरीत सच्छिद्र दगड) फिरवावा व सगळी पूड पुसून काढावी.

मुरवण्यासाठी मात्र खोबरेल तेल घेऊ नये. तापल्यावर तेलाचे कण एकमेकांना जोडले जाऊन तो कडक थर तयार होतो, आणि खोबरेल तेलात संतृप्त मेद फार असल्यामुळे ही क्रिया नीट होत नाही. सूर्यफुलाचे किंवा सोयाबीनचे तेल कोरड्या तव्यावर लावून जवळजवळ सगळे पुसून घ्यावे, धूर थांबेपर्यंत तापवावे आणि असे तीन-चार वेळा करावे. तेल जाड राहिले तर तोच चिकट थर पुन्हा बसतो. पावसाळ्यात रोज रात्री तवा आचेवर पूर्ण सुकवून तेलाचा हात फिरवावा.