जुन्या शिडाच्या बोटीची स्टिअरिंग वायर: ताणायची की बदलायची?

प्रश्न: 34 फुटी, 40 वर्षं जुनी बोट. पेडेस्टलवर (चाकाच्या उभ्या खांबावर) चाक, आत चेन, खाली स्टेनलेस वायर पुलींवरून क्वाड्रंटला (सुकाणूच्या दांड्यावरच्या पाव-चकतीला). चाक तीन-चार इंच फिरेपर्यंत सुकाणू हलतच नाही. नुसतं ताणून भागेल का?

दर्यावर्दी: आधी वायरवरून टिश्यू पेपर फिरवा, उघडा हात नको. कागद अडकला की वायरमधली बारीक तार तुटली समजा; एकही तुटली असेल तर ताणू नका, दोन्ही बाजूंच्या वायर बदला. बहुतेक वेळा पुलीवरच्या वळणाशीच तुटते. पुलीखाली धातूचा कीस दिसला तर पुली रेषेत नाही, नवी वायरही ती खाणार.

शीडवाला: नवी वायर 7×19 (19 बारीक तारांचे 7 पीळ, लवचिक) घ्या, जाडी जुन्याइतकीच. डोलकाठीच्या ताणाची 1×19 (19 जाड तारांचा एकच पीळ) नकोच, ती वळणाला ताठ. टोकांना थिंबल (फासाच्या आतली धातूची खोबण), प्रत्येकी दोन तांब्याच्या स्लीव्ह (नळ्या) दाबून. काढण्यापूर्वी वायर आत एकमेकींना ओलांडतात का, फोटो काढा. चुकलं तर चाक उलटं चालतं! जुनीच्या टोकाला दोरी बांधून ओढा, नवी त्याच वाटेने येईल. सुकाणू सरळ, चेनचा मध्य स्प्रॉकेटच्या (चाकामागच्या दातेरी चक्राच्या) माथ्यावर, मग नव्या वायरच्या लांबीचं माप.

प्रश्नकर्ता: ताण किती?

शीडवाला: चाक बांधून क्वाड्रंट हाताने हलवा. वायर थोडी थोडी ताणत जा; क्वाड्रंटचा खेळ (ढिलेपणा) संपला की थांबा, लॉकनट आवळा. जास्त ताणलंत तर चाक जड होतं, बेअरिंग झिजतात.

दर्यावर्दी: तेल 30 ग्रेडचं, टिश्यूवर थोडंसं. ग्रीस नको, धूळ धरतं. आणि आणीबाणीचा टिलर (चाक निकामी झालं तर सुकाणू हाताने फिरवायचा दांडा) बसतोय ना, ते आधी बघा.