रजा साठवायची की अंगी लावायची? (बडोदेकरांशी चर्चा)

कमाटीबाग_पहाटे (धागा सुरू करणारे)

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. रजा न घेता वर्ष काढणं हे आपल्याकडे इमानदारीचं लक्षण मानतात. निरोप समारंभात कौतुकानं सांगतात, "यांचा वर्षानुवर्षांत एक खाडा नाही." हे कौतुक बंद व्हायला हवं. ते माणसाच्या जिवावर बेततं.

मी मकरपुऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात टाइम ऑफिस (हजेरी-रजेचा विभाग) सांभाळतो. रजेच्या अर्जावर 'कारण' असा रकाना असतो. त्यात काय येतं? भाचीचं लग्न, वास्तुशांत, सासऱ्यांचा मोतीबिंदू, बारावा-तेरावा, मुलाची ॲडमिशन. चुकून कोणी 'विश्रांती' लिहिलं तर सुपरवायझर विचारतो, "का रे, बरं नाही का?" म्हणजे आजारी पडल्याशिवाय विसावा मागायचा नाही. ज्यांच्या शर्टाच्या खिशात बीपीच्या गोळ्यांची पट्टी दिसते, त्यांच्याच नावापुढे रजांची शिल्लक सगळ्यात मोठी. डिसेंबर लागला की तेच येऊन विचारतात, "पीएल (पगारी रजा) किती विकता येतील?"

१९४८ चा फॅक्टरी ॲक्ट काढून बघा. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा. २०२० च्या कामगार संहितेत ती २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली. पण मला जुन्या कायद्यातली दुसरीच तरतूद महत्त्वाची वाटते: ही सगळी रजा वर्षात फार तर तीन वेळांत घ्यायची. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सलग विसावा होता, शुक्रवारी एक आणि सोमवारी एक असे तुकडे नव्हते.

आता प्रकृतीचं. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या १२,३३८ मध्यमवयीन पुरुषांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं होतं. २००० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. जे दरवर्षी सुट्टीवर जात, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी होतं, हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूचं तर विशेष. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला ३५-४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. कारण उघड आहे. ताण उतरलाच नाही तर कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) चढं राहतं, रात्री बीपी जेवढं खाली यायला हवं तेवढं येत नाही, झोप तुटते. हे खाली यायचं तर मनही कामातून सुटावं लागतं, नुसतं अंग घरी असून भागत नाही.

आणि मन कसं सुटतं हे बडोद्याला शिकवायला नको. बेसत्या वर्षापासून (दिवाळीतलं गुजराती नववर्ष) लाभ पाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एक चक्कर मारा. शटरं खाली, ट्रान्सपोर्टवाला गावी, माल मागणारा नाही की देणारा नाही. सगळेच बंद, म्हणून कोणालाच फोन नाही. खरी रजा ती! माझी मागणी एवढीच आहे की वर्षाच्या मध्यावर प्रत्येकानं आपल्या सोयीनं आणखी एकदा सलग आठ-दहा दिवस रजा घ्यावी, फोन बंद ठेवून, आणि कंपनीनं ती घ्यायला लावावी.

लेथवाला_मकरपुरा

तुमच्याकडे रजिस्टर आहे, माझ्याकडे शटर आहे. फरक तिथेच पडतो.

लाभ पाचमेपर्यंत मी बंद ठेवतो तो नाइलाज म्हणून. जॉबवर्क देणारेच बंद असतात. बँकेचा हप्ता मात्र भाऊबीज बघत नाही, तारखेला जातोच. माझी झोप उडते ती काम नसल्यावर. मशीन फिरत असलं, कूलंटचा वास येत असला की मी निवांत असतो. माझं बीपी तपासायचंच असेल तर पेमेंट अडकलेल्या महिन्यात तपासा.

माझे ऑपरेटर दाहोद-पंचमहालकडचे. होळीला गावी जातात. कितीही ऑर्डर असो, कोणी थांबत नाही, आणि मीही थांबवत नाही. पण तेवढ्या दिवसांचा पगार नाही. अशा माणसाला आणखी आठ-दहा दिवस घरी बस म्हणून सांगायचं? तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये कामाला लागेल.

कमाटीबाग_पहाटे

त्या तरतुदीत कायम आणि रोजंदारी असा भेद नाही. युनिट कायद्याखाली येत असेल आणि दिवस भरले असतील, तर रोजंदारीवाल्यालाही पगारी रजा आहे. तुमच्या ऑपरेटरांची हजेरी मोजून बघा. होळीचे दिवस पगारी निघतील.

लेथवाला_मकरपुरा

माझं युनिट तेवढं मोठं नाही, भाऊ. तुमचा कायदा माझ्या दारापर्यंत येतच नाही. अशी शटरं मकरपुऱ्यात गल्लोगल्ली आहेत.

दांडियाबाजार_नाका

हे सगळे पांढरपेशांचे चोचले. माझे आजोबा गिरणीत होते. रजा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले.

सी_शिफ्ट

@दांडियाबाजार_नाका आजोबांना नमस्कार. पण सुट्टी पांढरपेशांनी मागितलेली नाही, गिरणीतल्या माणसांनीच मागितली. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. भांडून मिळवलेल्या गोष्टीला चोचले म्हणू नका. आणि ज्यांचे आजोबा पंचावन्नाव्या वर्षी गिरणीतच कोसळले, ते इथे आजोबांचा दाखला देत नाहीत, म्हणून आपल्याला फक्त नव्वदीवाले दिसतात.

आता धागाकर्त्यांशी माझं भांडण. मी नंदेसरीला केमिकल प्लांटमध्ये पाळीत आहे. आमचा प्लांट लाभ पाचम ओळखत नाही. रिॲक्टर बेसत्या वर्षाला पण गरम असतो. मी रजा मागितली की पहिला प्रश्न, "रिलीव्हर कोण?" रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, नसतोच, कारण माणसं मोजून ठेवलेली. मग माझ्या जागी कोण उभा राहतो? बी शिफ्टचा माणूस, डबल ड्यूटी करून. सोळा तास डीसीएसच्या (प्लांट चालवणाऱ्या संगणकाच्या) स्क्रीनपुढे, पहाटे तीनला डोळे तारवटलेले, आणि हातात व्हॉल्व्ह. माझी प्रकृती सुधारायची म्हणून त्याची झोप घालवायची, आणि वर सगळ्या प्लांटचा जीव टांगणीला? हे मला पटत नाही. म्हणून मी रजा घेत नाही. कौतुकासाठी नाही. आधी माणसं भरा, मग रजेवर बोलू.

प्रतापनगर_यार्ड

सी शिफ्टनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी रेल्वेतून निवृत्त. आमच्याकडे 'लीव्ह रिझर्व्ह' म्हणून जागाच मंजूर असतात. माणसं रजेवर जाणार हे धरून संख्या काढतात. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत तो भाग वेगळा, पण हिशेब तरी बरोबर आहे. खासगी कारखान्यांत हा हिशेब कोणी मांडत नाही.

पण धागाकर्त्यांची दुसरी बाजू मला मान्य नाही. मी एलएपी (रेल्वेतल्या हक्काच्या पगारी रजा) साठवल्या, ३०० दिवसांपर्यंत नेल्या आणि निवृत्तीला त्याचे पैसे घेतले. त्या पैशांत घराचा वरचा मजला उठला, आज त्याच्या भाड्यावर औषधपाणी चालतं. म्हातारपणी हाताशी पैसा असणं यापेक्षा मोठं पथ्य नाही. खासगी नोकरीवाल्यांनाही २०२३ पासून निवृत्तीच्या वेळच्या रजारोखीकरणावर २५ लाखांपर्यंत आयकर माफ आहे. सरकारच साठवा म्हणतंय, तर तुम्ही विकू नका म्हणणारे कोण?

कमाटीबाग_पहाटे

काका, तुम्हाला वर्षाला तीस एलएपी होत्या. काही साठवून काही वापरायला जागा होती. आमच्याकडे पंधरा-सतरा पडतात. त्या विकल्या की हातात काही उरत नाही. शिवाय नोकरीत असताना दरवर्षी विकलेल्या रजेवर पूर्ण कर लागतो, ती माफी फक्त निवृत्तीच्या वेळची. म्हणजे डिसेंबरात माझ्याकडे येणारा माणूस स्वतःचा विसावा विकतो आणि त्यातलाही वाटा करात घालवतो. तुमचा मजला उठला याचा आनंद आहे. पण निवृत्तीच्या आधीच हातातून गेलेल्यांच्या रजेचे पैसे घ्यायला त्यांच्या घरची माणसं टाइम ऑफिसला येतात. ते फॉर्म मी भरून घेतो. म्हणून हा धागा काढला.

सी शिफ्ट, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. रिलीव्हरशिवाय रजा म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर टाकलेलं ओझं. पण एक करा. अर्ज लेखी द्या, किमान पंधरा दिवस आधी, आणि पोच घ्या. मागितलेली रजा नाकारली तर ती पुढच्या वर्षी नेण्याला मर्यादा नाही. ३० दिवसांची मर्यादा आहे ती न मागितलेल्या रजेला. तोंडी मागता, तोंडी नाही म्हणतात, आणि कागदावर "यांना रजा नकोच होती" असं दिसतं. अर्ज साचले की माणसं कमी आहेत हे मॅनेजमेंटला आकड्यांत दाखवता येतं.

आकडे_बोलतात

माणसं कमी आहेत यावर दुमत नाही. पण मूळ दाव्याकडे येऊ.

पहिली गोष्ट, बारा हजार पुरुषांचा तो अभ्यास कारण सिद्ध करत नाही. दरवर्षी सुट्टीवर जाणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो, त्याचा साहेब बरा असतो, तो आधीच धडधाकट असतो. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण वगैरे लक्षात घेऊन हिशेब केला होता हे खरं, पण सगळंच मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर लोकांना प्रश्न विचारले. बरं वाटण्याचा कळस साधारण आठव्या दिवशी आला, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात गाडी मूळ पदावर. मग वर्षातून एकदा दहा दिवस घेऊन काय साधलं? त्यापेक्षा रोज सहाला सुटा, जेवताना फोन उचलू नका, रात्री सात तास झोपा, आठवड्याचा रविवार पाळा. शरीराला रोजचा विसावा कळतो. धागाकर्ते वार्षिक रजेच्या मागे लागून रोजच्या बारा-बारा तासांच्या कामाला माफ करत आहेत, असं मला स्पष्ट वाटतं.

सुरसागरकाठ

सगळे पुरुष बोलून झाले असतील तर मी बोलते.

"सगळेच बंद, खरी रजा ती" हे वाचून हात थांबला माझा. बेसत्या वर्षाला पहाटे पाचपासून दाराची बेल वाजते. साल मुबारक करायला माणसं येतात, दुपारपर्यंत रीघ. मठिया, चोळाफळी, आपल्या चकल्या-करंज्या, शिवाय चहा. ट्रे आत येतो, कप विसळायचे, ट्रे बाहेर. कामवाली तिच्या गावी गेलेली, तिची रजा तिला मिळायलाच हवी. आधीचे आठ दिवस फराळ आणि साफसफाई, नंतरचे चार दिवस पाहुणे. लाभ पाचमेला मी ऑफिसला जाऊन खुर्चीत बसते तेव्हा पाठ टेकते. यांच्या कंपनीनं सुट्टी घ्यायला लावली तर आणखी दहा दिवस घरात तीन वेळचा स्वयंपाक. कोणाची प्रकृती सुधारेल?

आकडे_बोलतात

@सुरसागरकाठ तुमच्या बाजूनं पुरावा आहे, आणि तो माझ्या विरोधात जातो तरी सांगतो. फ्रामिंगहॅम हे अमेरिकेतलं गाव, तिथे १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. तिथल्या बायकांवर १९९२ मध्ये जो निबंध आला, त्यात क्वचितच सुट्टीवर जाण्याचा संबंध हृदयविकाराशी दिसला तो गृहिणींमध्ये. सोबत झोप न लागणं आणि दिवसा वाटणारा एकटेपणा. नोकरीवाल्या बायकांमध्ये ते दिसलं नाही. म्हणजे ज्यांच्या नावे रजेचं रजिस्टरच नाही, त्यांनाच विसाव्याची जास्त गरज होती.

सुरसागरकाठ

मग धागाकर्त्यांनी मागणी बदलावी. सलग रजेत पहिले तीन दिवस घरची बाई स्वयंपाकघरात जाणार नाही. चांदोदला जा, पावागढला जा, नाहीतर घरीच खिचडी-कढी तुम्ही करा.

कमाटीबाग_पहाटे

ताई, मान्य. तेही मागणीत घालतो.

@आकडे_बोलतात, फायदा आठवड्याभरात विरतो हे गृहीत धरलं तरी मला त्यातून 'रजा नको' निघत नाही, 'आणखी एकदा हवी' निघतं. आणि रोज सहाला सुटायचा हक्क मागायला अंगात जी धमक लागते, ती दमलेल्या माणसात नसते. सलग विसावा घेतलेला माणूसच परत येऊन म्हणतो की रात्री दहानंतर ग्रुपवर काम टाकू नका.

लेथवाला_मकरपुरा

माझं मत बदललेलं नाही. पण मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या शटडाऊनच्या तारखा आम्हाला दोन महिने आधी कळवल्या, तर तेवढे दिवस मीही पोरांना पगार देऊन सोडेन. आत्ता तारीख कळते आदल्या आठवड्यात, मग कोण कुठे जाणार? धागाकर्ते मोठ्या कारखान्यात आहेत, एवढं करून दाखवावं.

सी_शिफ्ट

आणि रजेची शिल्लक डिसेंबरात काढू नका, जुलैत काढा. ज्यानं सहा महिन्यांत सलग पाच दिवसही घेतले नाहीत, त्याचं नाव प्लांट हेडच्या टेबलावर जाऊ द्या.

कमाटीबाग_पहाटे

शटडाऊनच्या तारखा परचेसकडून निघतात, त्यांच्याशी बोलतो. जुलैची यादी माझ्या हातात आहे, ती काढतो.

आकडे_बोलतात

यादीत प्रत्येकाचा ओव्हरटाइमही टाका. माझा आक्षेप अजून तोच आहे.