मदत हवी आहे: 1976 ची पद्मिनी, ई20 पेट्रोल आणि ‘इंजिन काढून मोटर बसव’ हा सल्ला

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरहून लिहितोय. आण्णांची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या दारात आहे. नोंदणी ऑक्टोबर 1976 ची, पहिल्यापासून एकाच नावावर. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढं सलग सीट. त्या सीटवर आई-आण्णांच्या मधे बसून मी दरवर्षी दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बघायला जायचो. गाड्यांचं वेड तिथंच लागलं. खंडेनवमीला आजही घरात पहिला हार पद्मिनीला पडतो, मग बाकीच्या गाड्यांना.

गेलं वर्षभर ती त्रास देतेय. सकाळी चोक ओढला की अर्ध्या सेल्फला सुरू होते. पण दुपारच्या उन्हात कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबली की गडगडते आणि बंद पडते. पेट्रोल पंपावर (इंजिनावरच्या) ओला रुमाल टाकून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालते. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला मिसिंग करते आणि तापमानाचा काटा लाल पट्टीकडं सरकतो. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बघितला, पॉइंट-प्लग नवे टाकले. फरक नाही.

शेवटी मागच्या रविवारी पंप स्वतः खोलला. डायफ्रॅमची (आतल्या रबरी पडद्याची) कड फुगून मऊ पडली होती, बोट फिरवलं तर काळं लागलं. टाकीकडून येणारा रबरी पाईप आतून चिकट. कार्बोरेटरच्या वाटीत तळाला काकवीसारखा तपकिरी गाळ, आणि फ्लोटची सुई त्यात अडकलेली.

माझं निदान असं. 2025 पासून पेट्रोल भरायच्या पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई20) मिळतं, आणि ही गाडी बनली तेव्हा इथेनॉल कुणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉल जुनं रबर आणि बुचाचं गॅस्केट खातं, हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीत पन्नास वर्षं बसलेला गाळ सुटा करून पुढं ढकलतं. शिवाय त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं ताकद कमी आणि ते जळायला हवाही कमी लागते. म्हणजे जुन्या जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) जाणारं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि इंजिन तापतं. ऊस आमच्याच शेतात पिकतो, कारखान्याचं बिल आमच्याच घरी येतं, त्यामुळं इथेनॉलला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण गाडीचे हाल बघवत नाहीत.

आता थोरल्या भावाचं म्हणणं. त्यानं 45 किलोवॅट-तासाची इलेक्ट्रिक घेतलीय आणि तो तिच्यावर खूश आहे. मीही आहे, हे आधीच सांगतो. पहिल्या इंचापासून पूर्ण ओढ मिळते, आवाज नाही, आणि गगनबावड्याहून वैभववाडीला उतरताना बॅटरी दोन टक्के भरलेली मी डोळ्यांनी बघितली. गावातल्या रोजच्या पळापळीला आज नवी गाडी घ्यायची तर मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन. तर भाऊ म्हणतो, पद्मिनीचं इंजिन-गिअरबॉक्स काढ, मोटर घाल, डिकीत बॅटरी ठेव, कटकट मिटली.

मला हे पटत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली, नऊशे किलोच्या आतबाहेरची गाडी. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बॅटरीचं ओझं टाकलं की तिचा तोल आणि ब्रेक दोन्ही नव्यानं बघावे लागणार. मोटर-बॅटरीच्या किटला मान्यता हवी, आरसी बुकात इंधनाची नोंद बदलायला हवी. आणि या गाडीचं काहीही झिजलं तरी इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर बुश कातून मिळतो. आजच्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर पन्नास वर्षं टिकेलही, पण तिचा कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या कुलपात असतं, ते 2075 साली कोण उघडून देणार? अमेरिकेत जुन्या गाड्या जमवणारे टीव्ही कलाकार जे लेनो यांच्याकडं 1909 ची बेकर इलेक्ट्रिक आहे. तिची यंत्रणा इतकी साधी, की कुशल कारागिराला ती डोळ्यांनी बघून समजते. इलेक्ट्रिक गाडी जपायची तर ती अशी असावी.

दुसरी गोष्ट नोंदणीची. केंद्राच्या 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपातली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षं वैध, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणजे मोटर बसवली की तो मार्ग बंद. पण व्हिंटेज नोंदणी घेतली तर गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते, रोज वापरायची नाही. आण्णा 81 वर्षांचे आहेत. दर रविवारी सकाळी त्यांना याच गाडीतून जोतिबाला जायचं असतं, दुसऱ्या गाडीत ते बसत नाहीत. त्यामुळं ते आहेत तोवर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवत राहावी असं माझं मत आहे. कुणी पद्मिनीची व्हिंटेज नोंदणी केली असेल तर अनुभव सांगा.

तातडीची मदत मात्र इंधनाच्या बाबतीत हवी आहे. इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम पद्मिनीच्या पंपाला बसणारा कोल्हापूर-सांगलीत कुठं मिळतो? पाईप विटॉनचा (इंधन सोसणाऱ्या खास रबराचा) टाकावा असं वाचलंय, कुणी टाकलाय का? मेन जेट एक नंबर मोठा केल्यावर तापणं थांबलं का, आणि लिटरमागं सरासरी किती पडली? टाकी आतून धुऊन कोटिंग करणारा विश्वासू माणूस माहीत असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा.

भर (मंगळवार): ज्यांनी इलेक्ट्रिक इंधनपंप लावायला सांगितलं त्यांचे आभार. विचार केला, पण मूळ पंप काढायचा नाही असं आण्णांनी सांगितलंय. टाकी उतरवलीय. तळातून जवळपास वाटीभर गाळ निघाला. पाईप अजून मिळालेला नाही, जेटचा प्रश्नही तसाच आहे. दसऱ्याच्या आत गाडी रस्त्यावर हवी.