हिवाळ्यात जलदुर्ग पाहायचेत: बाबा (७२) आणि लेक सोबत, पाच दिवस. कोकणचा कुठला पट्टा धरू?

मीरा_कोथरूड

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवस मोकळे मिळालेत. बाबांना कोकणातले समुद्रकिल्ले दाखवायचे आहेत. त्यांची सगळी नोकरी लष्करी कारखान्यात, ओतकाम विभागात गेली. घरात टीव्हीवर किल्ला दिसला की ते तटबंदी सोडून तोफ कुठे आहे ते शोधतात. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सावकाश चालतात, बऱ्यापैकी चढतात, पण उडी मारणं किंवा खाली बसून उठणं जमत नाही. लेक आठवीत आहे, तिला फक्त होडी हवी.

गाडी आमचीच, पुण्याहून निघणार. आत्ताची यादी अशी: अलिबाग, मुरुड, हर्णे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण. पाच दिवसांत होईल का? बाबांना कुठे त्रास होईल, कुठे नाही? भरती-ओहोटीचं गणित कसं बसवायचं? आम्ही पक्के घाटावरचे, समुद्राचं काही कळत नाही.

अष्टागरकर

मीराताई, होईल, पण मग किल्ले गाडीच्या काचेतून बघाल. सागरी महामार्ग नकाशावर सरळ दिसतो, प्रत्यक्षात खाड्या आडव्या येतात. दर खाडीला एक तर लांबचा वळसा, नाहीतर फेरीबोटीची रांग. बाबा आणि लेक बरोबर असताना एकच पट्टा धरा. माझं मत अलिबाग ते मुरुड. जेमतेम पन्नास किलोमीटरमध्ये मराठे, पोर्तुगीज, सिद्दी आणि इंग्रज, चौघांच्याही खुणा आहेत.

आता भरतीचं गणित. आमच्याकडे कोळी वाड्यातलं लहान पोरही हे सांगेल. तिथीला पाऊणनं गुणा, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारला भरती. त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाच्या सुमारास, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांना हेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे आदल्या दिवशी किनाऱ्यावर विचारून खात्री करा.

हे गणित कुलाबा किल्ल्यासाठी लागतं. अलिबागच्या वाळूवरून सुकतीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप आत जातं, पण सुकती येते पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. जानेवारीत पहाटे अंधार, आणि संध्याकाळी परतेपर्यंत अंधार. अष्टमीला सुकती दुपारी बाराला येते, पण तो भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटीचा दिवस, पाणी पुरतं हटत नाही. म्हणून चतुर्थी-पंचमी धरा. सकाळी नऊ-दहाला वाटही मोकळी आणि ऊनही कोवळं. तुमच्या आठवड्यात या तिथी बसत नसतील तर तारखा दोन दिवस पुढेमागे करा, हॉटेलपेक्षा हे महत्त्वाचं. वाट शेवाळलेली असते, बाबांना पकड असलेले बूट आणि हातात काठी द्या. चालणं नको वाटलं तर घोडागाडी असते.

आत गेल्यावर घाई करू नका. महाराजांनी १६८० मध्ये, म्हणजे अखेरच्या काळात, हे बांधकाम काढलं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच आरमार चालवलं. गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. आणि तुमच्या बाबांसाठी मुख्य गोष्ट: उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलंय. ओतकामातल्या माणसानं त्या हात लावून बघायला हव्यात.

मी एकदा गप्पांच्या नादात तासभर जास्त थांबलो आणि परतताना पाणी कमरेला लागलं. सोबत लहान पुतण्या होता. तेव्हापासून सुकतीची वेळ झाली की पाऊण तासात परत फिरतो. तुम्हीही तेच करा.

गडवाट

अष्टागरकरांशी सहमत, फक्त एक भर. अलिबागमध्ये आहात तर गावातली कान्होजींची समाधी चुकवू नका. १७२९ साली ते गेले. लोक समुद्रावर जाऊन भेळ खाऊन परततात आणि ज्या माणसामुळे हा किनारा पोर्तुगीज-इंग्रजांना पुरून उरला त्याच्या समाधीवर कुणी फिरकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दहा मिनिटं लागतात.

खांदेरीचाही विचार करा. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात समुद्राशी नातं सांगणारे चार: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा मुंबईचे इंग्रज अडवायला आले होते. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला त्यांना परवडणारा नव्हता. लढाया झाल्या तरी काम थांबलं नाही. बेटावर वेताळाचं ठाणं आहे, १८६७ चं दीपगृह आहे आणि एक खडक आहे ज्यावर दगड मारला की भांड्यासारखा नाद येतो. आठवीतल्या मुलीला तो नक्की आवडेल. होडी थळहून ठरवावी लागते, आणि वारा असेल तर नावाडी नाही म्हणेल. नाही म्हणाला तर गळ घालू नका.

दर्यावर्दी

जंजिऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण इथे वयस्कर माणसांची फसगत होते. राजपुरीहून शिडाची होडी मिळते, प्रवास सुंदर. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तोवर नुसता तट आणि बुरूज. पण उतरताना होडी लाटेवर वरखाली होते आणि त्या लयीत पायरीवर पाऊल टाकावं लागतं. नावाडी हात धरतात, तरी ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तो झटका सोसेल का, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. शनिवार-रविवार आणि नाताळ ते नववर्ष हा काळ टाळाच. गर्दीत मागून रेटा येतो.

बाबा उतरले तर कलालबांगडी तोफ बघायलाच हवी. नाही उतरले तर होडीतच बसून किल्ल्याभोवतालचं पाणी आणि तट बघणं यातही पुष्कळ आहे. दरवाज्याच्या भिंतीवर एक पशू कोरलाय, पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेले. लेकीला तो शोधायला सांगा.

आणि समोर पद्मदुर्ग. सगळे जंजिऱ्याचे फोटो काढतात, पण महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर उभा केलेला हा किल्ला माझ्या मते जास्त बोलतो. त्याच्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यानं झिजून आत गेलेत आणि सांध्यांतला चुना अजून तसाच बाहेर उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. दगडाहून चुना टिकाऊ निघाला. तिथे नेमानं होड्या नसतात, मुरुडात चौकशी करावी लागते, आणि उतरायला धक्का नाही. बाबांना नको. लेकीला तुम्ही घेऊन जा.

मालवणी_माणूस

सगळ्यांनी रायगड जिल्ह्यातच अडकवलं की हो त्यांना! मीराताई, गुडघ्याचा प्रश्न असेल तर विजयदुर्गासारखा किल्ला नाही. होडी लागत नाही, गाडी थेट दारापर्यंत. एसटी स्टँडवरून उतरलात की समोर तट. आत फिरायला दोन-तीन तास, मध्ये बसायला जागा भरपूर. तिहेरी तटबंदी आहे, पहिल्यातून दुसऱ्यात शिरताना कळतं की इथे शत्रूनं काय सोसलं असेल. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि त्या लढाईत आंग्र्यांचं आरमार जळालं. आपलंच आरमार. त्या बुरुजावर उभं राहून खाडीकडे बघताना मला दर वेळी गलबलतं.

हेलियमचा शोधही इथलाच, १८६८ चं ग्रहण. ते ग्रहण बघायला बांधले म्हणतात ते साहेबाचे ओटे आहेत, ते बघा.

मालवणला सिंधुदुर्गावर मोटरबोट जाते, दहा-पंधरा मिनिटं, उतरणं जंजिऱ्यापेक्षा पुष्कळ सोपं. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, पूजा तिथे झाली. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तिन्ही विहिरींचं पाणी गोडं, चहूकडे खारं असताना. बोटवाला तासाभराची वेळ देतो, ती पुरत नाही. आधीच बोलून परतीची बोट उशिराची ठरवा.

हिवाळ्यात आमच्याकडे गावोगाव दशावतार असतात. रात्री नाटक, सकाळी किल्ला. आणखी काय पाहिजे?

खगोल_नाशिक

मालवणी दादा, विजयदुर्गावर प्रेम माझंही आहे, म्हणून एक दुरुस्ती. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी निरीक्षण केलं ते गुंटूरहून. आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर, ज्यांचं नाव ओट्यांशी जोडतात, ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांना सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिथूनच दिसली. ओटे जरूर दाखवा, ग्रहणाची गोष्ट सांगा, पण आठवीतल्या मुलीला ‘हेलियम इथे सापडला’ असं सांगू नका. तिला शाळेत कुणीतरी खोडून काढेल आणि मग किल्ल्याबद्दल खरं सांगितलेलंही तिला खोटं वाटेल.

मालवणी_माणूस

मान्य. लहानपणापासून हेच ऐकत आलो. यापुढे तुम्ही लिहिलंय तसंच सांगेन.

मीरा_कोथरूड

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘लो मूर’ ऐकल्यावर त्यांचं ठरलं, अलिबाग ते मुरुडच. मधले दोन दिवस कसे घालवू? आणि जेवणाचं काय?

अष्टागरकर

मधले दोन दिवस रेवदंडा आणि कोर्लई, एकेका दिवशी एक. रेवदंडा म्हणजे अख्खं गावच पोर्तुगीज तटाच्या आत वसलंय, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून भिंती डोकावतात. सातखणी मनोऱ्याच्या पायथ्याशी तोफा पडल्यात, जमिनीवरच, बाबांना चढावं लागणार नाही. कुंडलिका खाडी ओलांडली की कोर्लई. दीपगृहापर्यंत गाडी जाते, तिथून पायऱ्या. वरचा किल्ला म्हणजे डोंगराची अरुंद सोंड, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी. ऊन चढायच्या आत जा. हिवाळा असला तरी अकरानंतर कातळ तापतो. पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात, ते तिला ‘नोलिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज इथून १७४० मध्ये गेले, भाषा राहिली. मासळी घ्यायच्या निमित्तानं बोला, माणसं प्रेमानं सांगतात.

जेवणात पोपटी सोडू नका. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वर मडकं उलटं आणि भोवती जाळ. हे फक्त थंडीतच. मुक्कामाच्या घरी सकाळी सांगून ठेवलंत तर रात्री लावतात. शाकाहारी असाल तर शेंगा-बटाट्याची सांगा.

गडवाट

दत्तजयंतीच्या सुमारास येणाऱ्या इतरांसाठी: चौल-भोवाळ्याची जत्रा पाच दिवस असते, रेवदंड्याचा रस्ता तुंबतो. जत्रा बघायची असेल तर जरूर या, किल्ले बघायचे असतील तर आठवडा सोडून या.

मीरा_कोथरूड

काल रात्री परतलो, आठवतंय तोवर लिहिते.

तारखा बदलून पंचमी धरली. पावणेदहाला कुलाब्याच्या वाळूत पाऊल टाकलं, घोट्याएवढं पाणी होतं. बाबा चालतच गेले. तोफेपाशी त्यांनी आधी हात फिरवला, मग चष्मा काढून अक्षरं वाचली, मग नातीला साचा कसा करतात, ओतीव लोखंड थंड होताना तडा कुठे जातो, नळीचं भोक मधोमध राहिलं नाही तर काय होतं, हे सगळं सांगितलं. चाळीस वर्षं घरात न बोललेलं काम त्यांनी तिथे उभ्या उभ्या सांगितलं. आम्हाला सुकतीची आठवण लेकीनं करून दिली, तिनं घड्याळ लावलं होतं.

जंजिऱ्याला बाबा होडीतून उतरले नाहीत. डॉक्टरांनीही नको म्हटलं होतं. नावाड्यानं त्यांना तटाच्या जवळून फिरवलं. आम्ही दोघी वर गेलो. तो पशू लेकीला सापडला, हत्ती तिनं मोजले. पद्मदुर्गाला वाऱ्यामुळे होडी मिळाली नाही, किनाऱ्यावरूनच पाहिला. खांदेरीही राहिला.

कोर्लईला एका आजींनी ‘नोलिंग’मधली दोन वाक्यं म्हणून दाखवली. पोपटी दोनदा झाली.

मालवणी दादा, बाबा आता विजयदुर्ग म्हणतायत. फेब्रुवारीच्या शेवटी आलो तर ऊन फार होईल का? आणि दशावतार तेव्हा चालू असतील ना?

मालवणी_माणूस

चालू असतील. ऊन दुपारी लागेल, म्हणून सकाळी सातला किल्ल्यात शिरा. कोल्हापूरमार्गे या, फोंडा घाट उतरा आणि तळेऱ्याहून आत वळा. निघायच्या आदल्या दिवशी इथे लिहा, नाटक कुठल्या गावात आहे ते विचारून ठेवतो.