वजन उतरवताना पाचची भूक: मधलं खाणं ठेवायचं की सोडायचं?

गंगापूररोडकर
आमच्या सोसायटीत सध्या वजन कमी करायची लाट आलीय आणि पहिली कुऱ्हाड पडलीय संध्याकाळच्या खाण्यावर. माझा याला ठाम विरोध आहे. दुपारी एकला दोन पोळ्या, चमचाभर भाजी आणि आमटीचं वरचं पाणी एवढ्यावर उठलं, तर पाचला पोटात कावळे ओरडणारच. मग हात जातो चिवड्याच्या डब्याकडे, आणि नाशिकच्या घरात तो डबा असतोच. तळलेल्या चिवड्याच्या १०० ग्रॅममध्ये ५०० कॅलरीच्या आसपास असतात. येता-जाता मूठ-मूठ तोंडात टाकलं तर किती पोटात गेलं ते कळतसुद्धा नाही, आणि रात्री पुन्हा पूर्ण जेवण होतंच.

पोट भरणं आणि कॅलरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिडनी विद्यापीठात १९९५ साली ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींचे करून लोकांना खायला दिले आणि कशाने किती पोट भरतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं, तर उकडलेला बटाटा ३२३ वर गेला आणि क्रोसाँ, म्हणजे लोण्याचा पापुद्र्यांचा फ्रेंच पाव, ४७ वर राहिला. म्हणजे आपण ज्या बटाट्याला नावं ठेवतो तो नुसता उकडून खाल्ला तर बराच वेळ भूक लागू देत नाही. तळला की गणित बिघडलं.

म्हणून पाचचं खाणं ठरवून ठेवा: मूठभर फुटाणे सालासकट, वाटीभर मटकीची उसळ किंवा उकडलेलं अंडं आणि ताक. ताटलीत काढून, बसून खा.

दोनवेळचा
अजिबात पटलं नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने मी दोनदाच जेवतो, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. पाचची भूक बरेचदा सवयीची असते. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक आपल्या रोजच्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं. वेळ मोडली की काही दिवस जड जातं, मग ती खा खा शमते. तुम्ही मूठभर फुटाणे म्हणता, पण ज्याचा हात एका मुठीवर थांबतो त्याचं वजन सहसा वाढलेलंच नसतं. बाकीच्यांना अजिबात न खाणं हे थोडंसं खाण्यापेक्षा सोपं जातं.

अंबड सेकंड शिफ्ट
दोनवेळचा भाऊ, तुमचं वेळापत्रक ऑफिसवाल्याचं आहे. आमची शिफ्ट तीन ते अकरा. घरून दोनला निघायचं, ब्रेकला कॅन्टीनमध्ये समोसा नाहीतर वडापाव, घरी परत साडेअकराला. मशीनवर उभं राहून रिकाम्या पोटी काम होत नाही. मी डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी आणि घट्ट पिठलं नेतो आणि तेच ब्रेकला खातो. घरी आल्यावर फक्त ताक. ते मधलं खाणं आहे की जेवण, ते तुम्हीच ठरवा. माझा पट्टा दोन भोकं आत आलाय.

सिडकोची ताई
एक महत्त्वाचं. घरात कुणाला मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर स्वतःच्या मनाने खाणं वगळू नका. साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.
आणि द्राक्षांचं काय? सीझनला घरात पेटीच येऊन पडते.

गंगापूररोडकर
ताई, द्राक्षं खुशाल खा, पण वाटीत मोजून. १०० ग्रॅमला साधारण ७० कॅलरी, बाकी बहुतेक पाणी. तीच वाळून मनुका झाली की तेवढ्याच वजनात ३०० च्या आसपास. त्यामुळे मनुका मूठभर नको, चार-पाच पुरे.

दोनवेळचा, सवयीच्या भुकेचं मान्य. पण दोनदा जेवणारे माझ्या ओळखीतले कितीतरी जण रविवारी मिसळीवर तुटून पडतात: तीन पाव, वर शेव, तर्री दोनदा, शेवटी जिलबी. उपाशी ठेवलेलं मन असं वसूल करतं.

दोनवेळचा
मीही रविवारी मिसळ खातो. मटकी जास्त, शेव कमी, एक पाव, सोबत दही. ते माझं त्या दिवसाचं पहिलं जेवण असतं. त्यानंतर थेट रात्री.

अंबड सेकंड शिफ्ट
एका पावात भागतं तुमचं? रस्सा कशाशी खाता मग?

दोनवेळचा
वाटीने पितो.