अनुभव धागा: तुमच्या रिकर्व्ह बोचा आवाज कशानं कमी झाला?

आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला फायनलला १५० पैकी १५० मारून वर्ल्ड चॅम्पियन झाला, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत धनुष्य आलंय. तो कंपाउंडवाला (टोकांना चाकं असलेला बो), पण घरी आलेले बरेचसे बो रिकर्व्ह (चाकं नसलेले, टोकं पुढं वळलेले) आहेत आणि थोडे दिवस झाले की प्रत्येकाचा तोच प्रश्न, दादा हा एवढा वाजतो कायले? रिकर्व्ह थोडा वाजणारच. ओढून साठवलेली सगळी ताकद बाणात जात नाही, उरलेली दोरीत आणि लिम्बमध्ये (बोच्या वाकणाऱ्या वरच्या-खालच्या पात्या) थरथरत राहते, तेच आपल्याला ऐकू येतं. पण कालपर्यंत "थप" करणारा बो आज "टण्ण" करून राहिला असेल तर कुठंतरी काहीतरी हललंय, आणि ते शोधायच्या आधी सायलेन्सर आणून बांधू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तर सगळ्यांनी सविस्तर लिहा. बो किती इंची, आवाज कसला, कधी यायचा (ओढताना, सोडताना की सोडल्यानंतर) आणि शेवटी निघालं काय.

हिंगणा रोड

माझा ६८ इंची, मेटल रायझर (बोचा मधला, हातात धरायचा भाग). एमआयडीसीत मशीनवर काम करतो त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून सुरुवात ब्रेस हाइटपासून केली आणि तिथंच उत्तर सापडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोरी चढवलेल्या धनुष्यात ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंत जे अंतर असतं ती ब्रेस हाइट. ६८ इंचीला साधारण साडेआठ ते नऊ इंच, ६६ ला थोडी कमी, ७० ला थोडी जास्त, पण तुमच्या लिम्बवाल्या कंपनीनं काय लिहिलंय ते आधी पाहा. माझी आठच्या जरा वर आली. दोरी नवीन होती आणि नवीन दोरी सुरुवातीला ताणली जातेच.

ब्रेस हाइट कमी असली की दोरी जास्त पुढे जाऊन थांबते आणि थांबताना लिम्बच्या वाकलेल्या टोकांवर जोरात आपटते, टण्ण आवाज तिथूनच येतो. मग दोरी उतरवायची, थोडे पीळ वाढवायचे, परत चढवायची, मोजायची, वहीत लिहायचं, बाण मारायचे. पीळ वाढला की दोरी आखूड होते आणि ब्रेस हाइट वाढते. एका मित्राला शूटिंग लाइनच्या मागं डोळे मिटून उभा केला, त्याला आकडा सांगायचाच नाही, त्यानं फक्त आवाज कसा आला ते सांगायचं. आवाज बसत बसत पावणेनऊच्या आसपास एकदम मऊ झाला, त्याच्या पुढं पीळ दिला तर परत कडक व्हायला लागला, तर मागं आलो आणि तिथंच ठेवली. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पीळ त्याच दिशेनं द्या ज्यानं मधली सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला दोरा) घट्ट होते, उलट दिला तर सर्व्हिंग सैल पडते. आणि ऐकायची टेस्ट १८ मीटरवरून करा, अगदी जवळून मारलं तर बाण बटमध्ये (ज्यावर टार्गेट पेपर लावतात ते) घुसल्याचा आवाज बोच्या आवाजात मिसळतो आणि काहीच कळत नाही.

प्रतापनगर, आठवीतल्या मुलीची आई

मी स्वतः बाण मारत नाही, पण मुलीला मानकापूरच्या क्रीडा संकुलात नेणं-आणणं माझ्याकडे असल्यामुळे बघून बघून बरंच कळायला लागलंय. ती आधी बांबूच्या इंडियन बोवर होती, मग रिकर्व्हवर आली. बाण सुटल्यावर एक झण्ण असा बारीक आवाज मागं रेंगाळायचा आणि ती त्या आवाजानं दचकायची. दचकणं मला जास्त खुपत होतं कारण ती पुढच्या बाणाला आधीच खांदा आखडून घ्यायची आणि ग्रुप (एका जागी पडणाऱ्या बाणांचा झुबका) फिसकटायचा.

तिथल्या एका ताईंनी साधा उपाय दाखवला. दोरी चढवलेला बो हातात धरायचा, दुसऱ्या हाताच्या मुठीनं रायझरवर हलकेच ठोकायचं आणि कान लावायचा. जे सैल आहे ते लगेच बोलतं. मग एकेक वस्तू बोटानं दाबून परत ठोकायचं, ज्याला दाबल्यावर आवाज बंद होतो तोच चोर. आमच्याकडे साइटचा (नेम धरायची पट्टी) एक स्क्रू आणि लाँग रॉड (बो स्थिर ठेवणाऱ्या स्टॅबिलायझरचा लांब दांडा), दोन्ही सैल निघाले. लाँग रॉड हातानं कितीही आवळला तरी मारता मारता सुटायचा, तर त्याच्या आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप एक वेढा लावली, तेव्हापासून हललेला नाही. स्टॅबिलायझरच्या टोकाचं रबरही बघा, आपल्या उन्हात ते कडक होऊन त्याला भेगा पडतात, मग ते काही शोषून घेत नाही. आता मुलगी शांतपणे मारते. ज्या घरी लहान मुलं शिकून राहिलीत त्यांनी आवाजाला "होईल सवय" म्हणून सोडून देऊ नका, एवढंच कळकळीनं सांगते.

महाल, लाकडी बोवाला

माझा टेकडाउन (लिम्ब सुटे होणारा) लाकडी बो, ना साइट ना स्टॅबिलायझर. ब्रेस हाइट बरोबर होती तरी दोरी गुणगुणायची, मग लोकर बांधली. बर्डीवरून साधी विणायची जाड लोकर आणली, बोटाएवढे तुकडे कापून त्यांचा जुडगा केला, दोरीच्या पिळात मधोमध अडकवून बांधला आणि टोकं पिंजून फुलवली. जागा महत्त्वाची आहे. एक जुडगा वरच्या टोकापासून दोरीच्या एक तृतीयांशावर आणि दुसरा खालच्या टोकापासून एक चतुर्थांशावर ठेवला, दोन्हीकडे सारखं अंतर ठेवलं नाही, कारण वेगवेगळ्या जागी असले तर दोरीची वेगवेगळी थरथर पकडली जाते. फरक मोठा पडला. दोरीवर वजन वाढल्यामुळे बाण थोडा खाली लागतो, ते आठवडाभरात हाताला कळतं. पावसाळ्यात लोकर भिजून जड होते, तेव्हा रबरी मिशा लावतो.

अजून एक. जुना लाकडी बो असेल तर डॅक्रॉनचीच दोरी वापरा. ती थोडी ताणते म्हणून झटका सोसते आणि आवाजही मऊ देते. फास्ट फ्लाइटसारखी न ताणणारी दोरी वेग देते, पण जुन्या बोची टोकं त्या झटक्यासाठी बनलेली नसतात, फुटू शकतात.

फुटाळा

लोकर न बांधता आधी लिम्बवर बघा. दोरी जिथं लिम्बच्या वळणावर टेकते त्या खाचेत वेलक्रोची मऊ बाजू पातळ पट्टी कापून चिकटवली, टपटप आवाज गेला. जाड पट्टी लावू नका, दोरी नीट मध्ये बसली पाहिजे.

सक्करदरा, कॉलेजवाला

माझं प्रकरण बाणांचं होतं. वेग पाहिजे म्हणून अगदी हलके कार्बनचे बाण घेतले होते आणि बो फाटल्यासारखा वाजायचा. मग जरा जड पॉइंट (बाणाची पुढची टोकं) लावून पाहिले आणि आवाज लगेच उतरला. हलका बाण कमी ताकद घेऊन जातो, बाकीची धनुष्याला सहन करावी लागते. पॉइंट बदलला की बाणाचं स्पाइन (बाण किती वाकतो ते) वेगळं वागतं, ग्रुप बाजूला सरकतो, ट्यूनिंग परत करावं लागतं हे आधीच धरून चला.

नॉकही (बाणाच्या मागची, दोरीवर बसणारी खाच) तपासा. नॉक दोरीवर चढवून बाण खाली लोंबकळू द्या, दोरीला जवळच बोटानं टिचकी मारा, तेवढ्यानं सुटला पाहिजे. सुटतच नसेल तर घट्ट आहे. आणि टिचकी न मारता आपोआपच पडत असेल तर ते जास्त धोक्याचं, ओढताना बाण दोरीवरून निसटला तर बो रिकामा सुटतो आणि त्यात लिम्ब जाऊ शकतात. चर्र असा आवाज येत असेल तर रेस्टवर (बाण टेकतो ती जागा) आणि रायझरच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडर भुरभुरवा, पिसं कुठं घासतात त्याची रेघ उमटते. माझा नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा) खाली होता, थोडा वर घेतला आणि घासणं थांबलं.

धंतोली, खूप वर्षं शिकवतोय

सगळ्यांनी सामानाचं लिहिलं, मी माणसाचं लिहितो. माझ्याकडे पोरं बो घेऊन येतात, सर वाजून राहिला. मी तोच बो हातात घेऊन मारतो आणि तो वाजत नाही. दोरी बोटांतून सरळ सुटली तर शांत सुटते, बोटांनी तिला बाजूला ओढून सोडलं तर ती वाकडी जाते, आर्म गार्डला फटका मारते, चेस्ट गार्डला घासते, शर्टाच्या बाहीला लागते. त्यातला निम्मा आवाज कपड्यांचा असतो. म्हणून आधी बाही दुमडा, चेस्ट गार्ड ताणून लावा, बो धरलेल्या हाताचं कोपर जरा बाहेर फिरवा म्हणजे दोरीला जागा मिळते. त्यानंतर टार्गेट पेपर काढून नुसत्या बटवर जवळून मारा, स्कोअरचा विचार डोक्यात नको, फक्त बोटं सैल पडू देणं. मी हे पोरांकडून रोज सरावाच्या सुरुवातीला करून घेतो. ज्याचे बाण ओळीनं एकसारखा आवाज करायला लागतात त्याचा ग्रुपही लवकरच लहान होतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की स्कोअरशीट बघायच्या आधी मी आवाज ऐकतो.

कोराडी रोड

एक आवाज असा आहे की जो कमी करायचा नसतो, ऐकला की थांबायचं. आमच्या सोबतच्या एका मुलानं जुना बो विकत घेतला होता, आधीचा मालक तो मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवायचा म्हणे. आपल्याकडे बाहेरच पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बंद गाडीत किती होत असेल विचार करा. लिम्ब हे थरांवर थर चिकटवून बनवलेले असतात, उष्णतेनं तो गोंद सुटतो. ओढताना बारीक "कट" यायचा. सगळे म्हणाले क्लिकर (बाण पूर्ण ओढला की वाजणारी पट्टी) असेल, क्लिकर काढून ओढला तरी कट आलाच. मग दोरी उतरवून लिम्बवर कापसाचा बोळा फिरवला, एका कडेला कापूस अडकला, नीट उजेडात पाहिलं तर थर उकलायला लागला होता. तो लिम्ब परत वापरला नाही. तो फुटला असता तर तोंडाजवळ फुटला असता.

उन्हाळ्यात माझा नियम एकच, बो माझ्यासोबत घरात. आणि सकाळी सहाला मोजलेली ब्रेस हाइट ऊन चढल्यावर परत मोजायची, दोरी उन्हात ढिली पडते, डॅक्रॉन तर जास्तच.

नवीन मेंबर, वर्धमाननगर

वरच्या कट आवाजानं घाबरलोय. माझाही ओढताना टिक येतो, पण सुरुवातीलाच, अर्धाही ओढला नसतो तेव्हा. क्लिकर लावलेलाच नाही. कापूस फिरवून पाहिला, कुठंच अडकला नाही. आयएलएफ (वेगवेगळ्या कंपन्यांच्या रायझरवर बसणारे) लिम्ब आहेत.

हिंगणा रोड

मग बहुतेक लिम्ब पॉकेटमध्ये (रायझरवर लिम्ब बसतो ती खाच) नीट बसत नाहीये. आयएलएफमध्ये लिम्बची पिन आणि बोल्ट जिथं टेकतात तिथं धूळ बसली की ओढताना लिम्ब किंचित सरकून टिक करतो. दोरी उतरवा, लिम्ब काढा, पॉकेट कोरड्या ब्रशनं साफ करा, पिन बोटानं दाबून स्प्रिंग मोकळी हलते का पाहा, टेकायच्या जागी दोरीचं मेण अगदी पुसट लावा आणि लिम्ब बोल्टचं लॉक आवळलंय का ते बघा. त्यानंतरही टिक आला तर मारू नका, रविवारी सकाळी मानकापूरला घेऊन या, दुसरे लिम्ब लावून पाहू.